कादंबरी पुढे सरकते कशी?

वारज्याहून वाघोलीला रोज नोकरीसाठी जाणाऱ्या बाईला पुणं आवडतं का, असं विचारू नये. जायला दोन बस, यायला दोन बस. येरवड्याला तर बस अशी अडकते, की तुरुंगातल्या लोकांचा हेवा वाटतो. त्यांना निदान सुटायची तारीख माहीत असते.

यावर मी उपाय शोधला होता. मोबाइलवर जुन्या गाजलेल्या कादंबऱ्या ऐकायच्या. कॉलेजात परीक्षेपुरत्या चाळलेल्या कादंबऱ्या कुणीतरी चांगल्या आवाजात वाचून दाखवत होतं आणि मला त्या चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा कळत होत्या. घरी स्वयंपाक, ऑफिसात साहेब. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता, मग बसायला जागा मिळो न मिळो.

सासऱ्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांची सगळी हयात एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. ‘आपण कादंबरी ऐकता म्हणे,’ ते एकदा म्हणाले. माझ्यावर चिडले की ते मला ‘आपण’ म्हणतात. ‘छान. उद्यापासून जेवण नुसतं हुंगत जा.’ मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं की त्यांना हुरूप येतो.

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याच कपाटात असलेली एक जाडजूड कादंबरी ऐकायला घेतली आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. सकाळी ऑफिसला पोचताना ऐकणं थांबवलं तेव्हा नायिका सासरच्या उंबरठ्यावर उभी होती. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये पाहते तर तिला मुलगी झालेली! मी मागे जाऊन लग्नापासून पुन्हा ऐकलं. दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत. बाईचा संसार माझ्या नकळत भराभर पुढे चालला होता आणि मी रोज तिच्यामागे धावत होते.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘बंद करून चालू कर.’ हा माणूस फ्रिजपासून बायकोपर्यंत सगळ्यांवर हाच इलाज सांगतो. कंपनीला मेल केला, तर ‘आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे’ असं तीनदा कळवून ते मोकळे झाले. शेवटी मी प्रकरणाचा आकडा तळहातावर पेनानं लिहून ठेवायला लागले. शेजारच्या सीटवरच्या मुलीनं विचारलं, ‘मॅडम, एक्झाम आहे का?’

मग एका सकाळी येरवड्याला, एका हातानं दांडा धरून उभी असताना, आवाज मध्येच थांबला आणि स्क्रीनवर अक्षरं आली: हे पुस्तक आता दुसऱ्या फोनवर सुरू आहे. खाली त्या फोनचं नाव होतं. तो माझाच जुना फोन होता. सहा महिन्यांपूर्वी मी तो सासऱ्यांना दिला होता आणि त्यातलं माझं खातं काढायचं राहून गेलं होतं.

म्हणजे मला हुंगायला सांगून हे गृहस्थ घरी पंख्याखाली बसून माझी कादंबरी जेवत होते! दिवसभर मी मनात वाक्यं जुळवत होते. संध्याकाळी घरात शिरले ती चप्पल काढता काढताच म्हणाले, ‘बाबा, निदान विचारून तरी ऐकायचं. माझी रोज पंचाईत होते.’

ते आरामखुर्चीत होते. ओशाळले नाहीत. ‘ऐकतंय कोण? मी तपासतोय. तुझ्या त्या वाचणाऱ्यानं बाराव्या प्रकरणात एक ओळ गाळली आहे. ती पत्र फाडते त्याच्या आधीची. “दार उघडंच होतं.” आपल्याला कळलं नसेलच.’

एवढ्या उकाड्यात ते ‘आपल्याला’ मला सहन झालं नाही. मी कपाटातून कादंबरी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. ‘दाखवा. कुठे आहे?’

त्यांनी पानं उलटली. अंदाजानं एका जागी थांबले, पुढची दोन पानं बोटांनी सुटी केली आणि ठामपणे बोट ठेवलं. ‘ही बघ.’

मी वाकून पाहिलं. प्रकरण त्या पानाच्या मध्यावरच संपलं होतं. बोट खालच्या कोऱ्या जागेवर होतं. ओळ समोरच्या, डावीकडच्या पानावर होती, वरून चौथी, त्यांनी म्हटली तशीच.

मला एकदम आठवलं, की आमच्या घरातलं वर्तमानपत्र कधी कोरं नसायचं. ते लाल पेनानं त्यात चुका काढायचे, समासात शेरे मारायचे. गेले कित्येक महिने मी रद्दीत स्वच्छ पेपर टाकत होते आणि एकदाही माझ्या मनात काही आलं नाही. ते मात्र रोज सकाळी तासभर पेपर डोळ्यांसमोर धरून बसत होते. कुणासाठी, हे तेव्हा कळलं. आमच्यासाठी. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी त्या माणसाला पुस्तक देऊन ‘दाखवा’ म्हटलं होतं.

‘हो,’ मी म्हटलं, ‘आहे ओळ. गाळलीय त्यांनी.’

‘मग?’ ते म्हणाले. पण बोट उचललं नाही. माझा बदललेला आवाज त्यांनी ऐकला असणार. ऐकू त्यांना उत्तम येतं.

मी खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. पर्स अजून खांद्यावरच होती. ‘बाबा, उद्या मी सुट्टी टाकते. आपण डोळे दाखवून येऊ.’

मी वाट पाहत राहिले. डॉक्टरांना टोमणा, मला टोमणा, निदान एक ‘आपण’ तरी. काहीच आलं नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

‘बरं,’ ते म्हणाले.

लग्नाला एकवीस वर्षं झाली. त्यांनी मला नुसतं ‘बरं’ कधीच म्हटलं नव्हतं.