पश्चिम दालनातला कूलर

अमरावतीत कूलर ही चैन नव्हे, हे ज्याला समजावून सांगावं लागतं त्याने मे महिन्यात इकडे येऊच नये. मार्च सरत आला की घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात, त्यांत नवं गवत भरलं जातं, आणि मग पाऊस पडेपर्यंत माणूस कूलरसमोरून हलत नाही. मी एका जुन्या संग्रहालयाची इमारत सांभाळतो. गळकं छत, तुंबलेल्या पन्हाळी, वाळवी, कबुतरं, कठड्यातून दरवर्षी डोकं वर काढणारा पिंपळ आणि ऐन वेळी जळणारी पाण्याची मोटर, हे सगळं माझ्या गळ्यात. काहीही मागायला गेलं की साहेब म्हणतात, "इमारत जुनी आहे, जरा जपून." जपूनच करतो हो. पण जपण्याच्या यादीत माणसं कुठे बसतात, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

आमचं पश्चिम दालन दुपारी भट्टीसारखं तापतं. तिथे जुनी पागोटी आणि जरीची वस्त्रं काचेत ठेवलेली आहेत, आणि छताखाली भिंतीवर रंगवलेल्या पोपटांची लांब ओळ आहे. राखणीला एक बाई. येत्या दिवाळीत त्या निवृत्त होणार होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या पर्समध्ये, आणि मागच्या उन्हाळ्यात घेरी येऊन खुर्चीतच कलंडल्या होत्या. डॉक्टरांनी उकाड्यात बसायचं नाही म्हणून बजावलं. रजा काढावी, तर ती सगळी नवऱ्याच्या आजारपणात संपलेली. तेव्हा मीच त्यांच्यामागच्या खिडकीत कूलर बसवून दिला होता.

या वर्षी एप्रिलात त्या खिडकीवरचा गिलावा फुगला आणि एका पोपटाची शेपटी गळून खाली पडली.

नवे साहेब पुण्याकडचे. त्यांनी शेपटीचे तुकडे कागदात गोळा केले आणि मला बोलावून घेतलं. कूलर आजच्या आज काढा म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कूलर चालवायचा तर समोरची खिडकी उघडी लागते, नाहीतर ओली हवा आतच कोंडते आणि खोलीचं न्हाणीघर होतं. समोरची खिडकी उघडायला मनाई, कारण वस्त्रांवर धूळ बसते. म्हणजे मागच्या उन्हाळ्यापासून आम्ही सगळे मिळून भिंतीला वाफ देत होतो आणि कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. माझ्याही नाही.

मी पाने-पकड घेऊन गेलो तेव्हा बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"काहून काढून राहिले भाऊ?"

"भिंत ओली होते बाई. पोपट झडतेत."

त्यांनी मान वर करून पोपटांकडे पाहिलं. "त्यायचं बरं हाय. त्यायच्यासाठी साहेब पळत आले. मी पडली होती तवा कोन आलं होतं?"

"मी आलो होतो."

"तुमी आले होते," त्या म्हणाल्या, "अन् आता तुमीच कूलर घेऊन चालले."

मला राग आला. त्यांचा नाही, पण तो काढायला समोर दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी स्क्रूंवर काढला. एकाचा आटा गेला.

मग मी साहेबांच्या मागे लागलो. एसी बसवू? भिंतीला भोक पाडायचं नाही. बाईंची खुर्ची व्हरांड्यात ठेवू? मग वस्तूंवर नजर कोण ठेवणार? दुसऱ्या दालनात बदली करा. तिथे पद मंजूर नाही. पंखा तरी मोठा लावू? छताच्या लाकडाला भार नको. साहेब एकदाही चिडून बोलले नाहीत. चहा पाजून नाही म्हणायचे. चिडले असते तर भांडता तरी आलं असतं.

मेमध्ये मुंबईहून वरिष्ठ आले. पश्चिम दालनात शिरले, घाम पुसला, पोपटांकडे न बघताच बाहेर पडले आणि म्हणाले, "अहो, इथे लोक कसे उभे राहतील? पाऊस पडेपर्यंत हे दालन बंद ठेवा." मी मनात म्हटलं, सुटलो बुवा एकदाचे. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली. पाहतो तर बंद दाराच्या आत बाई बसलेल्या. दालन प्रेक्षकांना बंद होतं, राखणीला नव्हतं. वस्तू आत आहेत तोवर माणूस आत हवा, असा नियम आहे म्हणे.

"बंद खोलीत बसून राहिली मी," बाई म्हणाल्या. "आता चोराची तरी वाट पाहू द्या."

मी हसलो नाही. दोन दिवसांनी जेवणाची सुट्टी झाल्यावर आत डोकावलो, तर त्यांनी पदर ओला करून डोक्यावर घेतला होता आणि कपाळ शोकेसच्या काचेला टेकवलं होतं. हाक मारली तर ओ यायला वेळ लागला. त्यांना व्हरांड्यात आणलं, साखरमिठाचं पाणी पाजलं. "घरी सांगू नका भाऊ, काम सोड म्हनतीन," एवढंच त्या म्हणत होत्या. दिवाळीपर्यंत टिकायचं होतं त्यांना, बस्स.

त्यांना तिथे बसवून मी तडक साहेबांकडे गेलो. बाईंबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हटलं, "साहेब, पश्चिम दालनाच्या छताची एक लाकडी कडी दबलीय. कधी खाली येईल सांगता येत नाही."

साहेब ताडकन उठले. इतके दिवस ज्या माणसाला मी खुर्चीतून हलवू शकलो नव्हतो, तो जिना दोन-दोन पायऱ्या उतरला. काचेतल्या वस्तू दुपारीच वरच्या कोठीत गेल्या. नियम, पद, मंजुरी, कोणाला काही आठवलं नाही. संध्याकाळच्या आत दालनाला कुलूप लागलं, दोरी बांधली गेली आणि बाईंची खुर्ची कोठीबाहेरच्या व्हरांड्यात आली, कडुनिंबाच्या सावलीत.

मी दोरीला शेवटची गाठ मारत होतो तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, "खरंच पडून राहिलं का छत?"

"नाई."

त्यांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं. "मंग बाई पडून राहिली, असंच काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "चार वेळा."