अंगाला सुट्टी देणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई स्वतःच्या पायांशी बोलायच्या. १९९८ साली आम्ही रत्नागिरीत त्यांच्या शेजारी राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात एका सकाळी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. दार उघडंच होतं. रात्रपाळी करून आलेल्या ताई कॉटवर डोळे मिटून पडल्या होत्या आणि हलक्या आवाजात म्हणत होत्या, "पायांनो, तुमची ड्युटी संपली. तुम्ही सुटलात." मग गुडघे, पोट, खांदे. मानेपर्यंत पोचायच्या आतच त्यांचा श्वास संथ झाला. खाली रिक्षांची घरघर, समोर कुणाचा तरी मिक्सर. मी रिकामं भांडं घेऊन परत आले.

संध्याकाळी मी भीतभीत विचारलं, तेव्हा त्या खळखळून हसल्या. "वेडी वाटले ना गो?" त्या एका खासगी रुग्णालयात नर्स होत्या. तिथल्या एका डॉक्टरांनी त्यांना स्वसंमोहन शिकवलं होतं. "ते सांगायचे, हिरवळीवर पडलोय असं मनात आणा. मला हिरवळीवर मुंग्याच दिसायच्या! मग मी माझं शोधलं. राबलेल्या अंगाला सुट्टी मिळाल्यावर आणखी काय हवं?"

दोन वर्षांनी गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं आणि त्याच्याबरोबर माझी झोपही. गोळीने नुसती गुंगी यायची. नवरा पोफळीच्या वीजकेंद्रात नोकरीला, सुट्टीपुरता घरी यायचा. ताई मात्र दुपारी स्वतःची झोप झाली की चहा घेऊन यायच्या.

"हे मंत्रबिंत्र नाय हां," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "डॉक्टरांचं औषध आपल्या मनाने बंद करायचं नाय. नि झोप यावी म्हणून झटायचंही नाय. अंगाला नुसतं सांगायचं."

पाय झाले, गुडघे झाले. पोटाचं नाव घेतलं आणि मला हुंदका फुटला. पुढचे कितीतरी दिवस तेच. शेवटी मी म्हटलं, "ताई, मला नाही जमणार हे."

त्या म्हणाल्या, "मग पोट सोड. गुडघ्यांवरून सरळ खांद्यांवर जा. पोटाला सांगायची घाई नाय."

"असं चालतं?"

"तुझं अंग, तुझी झोप. कोण तपासायला येतंय?"

त्या दुपारी मला झोप लागली. जागी झाले तेव्हा ताई तिथेच बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. त्यानंतर कित्येक महिने मी पोट वगळत राहिले. मग एकदा ते नाव सहज घेतलं गेलं आणि मी पुढे खांद्यांकडे गेले. रडू आलं नव्हतं, हे सकाळी लक्षात आलं.

पुढे ताई निवृत्त झाल्या आणि त्यांचीच झोप उडाली. "ड्युटी संपली म्हणते, तर पाय विचारतात, कसली ड्युटी?" त्या हसून सांगायच्या, पण डोळे खोल गेले होते. दुसऱ्या कुणी लपवलं असतं. ताई जिन्यात भेटेल त्याला सांगत, "माझी विद्या मलाच लागू पडत नाय."

एका दुपारी मात्र त्या उत्साहाने आल्या. "उलटं केलं गो! आता अंगाला उद्याचं काम सांगते. पायांनो, उद्या मालगुंडला बहिणीकडे जायचंय. हातांनो, तिचे सांडगे घालायचेत. ऐकतात नि गप पडतात."

"आणि सकाळी कंटाळा आला तर?"

"सांगितलं ते करायचंच. एकदा खोटं बोलले तर पुन्हा ऐकतील होय?"

म्हणून त्या खरोखरच जायच्या. कधी मालगुंडला, कधी सावर्ड्याला जुन्या मैत्रिणीकडे, कधी कुणाच्या बाळंतिणीला न्हाऊ घालायला.

२००७ साली त्या गेल्या, हृदयविकाराने, भर बाजारात, बांगडे निवडताना. घरी जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "झोपेवर एवढा ताबा असलेली बाई, झोपेतच जायला हवी होती." मला तसं वाटलं नाही. झोप पुरी झाल्यावर पहिला चहा पिताना ताईंचा चेहरा कसा असायचा, ते मी पाहिलं होतं. त्यांना झोप हवी असायची ती उठण्यासाठी.