साखळीतला माझा तास

आमच्या मंडळीत आजाऱ्याला मरणाबद्दल बोलू देत नाहीत. असा नियम कुणी केलेला नाही, पण पाळतात सगळेच. बुलढाण्यात आमची ख्रिस्ती घरं मोजकी, त्यामुळे एकाच्या घरी दुखणं आलं की सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो. मग साखळी प्रार्थना लागते. दिवसाचे तास वाटून घ्यायचे, एक बाई उठली की दुसरीनं गुडघे टेकायचे, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. आणि मागायचं काय, तर फक्त बरं होणं. दुसरं काही मागितलं तर विश्वास कमी पडला असं धरतात.

माझी मैत्रीण आणि मी, आम्ही दोघींनी महिला मंडळीचं काम वर्षानुवर्षं जोडीनं केलं. उपासनेआधी देऊळ, म्हणजे आमचं चर्च, झाडायचं, बाळंतिणीकडे डबा पोचवायचा, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं. ती माझ्याहून मोठी आणि भारी हट्टी. मी तापट. आमचं पटायचं कमी आणि एकमेकींवाचून चालायचं त्याहून कमी. सतरंजी कुठून अंथरायची यावरून आम्ही भर देवळात भांडलेल्या आहोत.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. तिची एकुलती एक लेक मलकापूरला दिलेली. ती नोकरीवर रजा टाकून, घाट चढून आली आणि आईच्या उशाशी बसली ती हललीच नाही. देवळातल्या पाळकसाहेबांनी रविवारी साखळी जाहीर केली. मला दुपारचा तास मिळाला.

एका दुपारी लेक औषध आणायला गेली होती. मी गुडघे टेकणार, तेवढ्यात मैत्रिणीनं माझा पदर ओढला.

"बस व जरा. मले माहीत हाये, मी जाऊन राह्यली. तुम्ही काऊन असं करता?"

मी म्हटलं, "असं नको ना बोलू."

"तू तरी नको सुरू करू," ती म्हणाली. "मले पोरीसंग बोलाचं हाये. तिले सांगाचं हाये का मी भेत नाही. तिनं लग्नाच्या वक्ताले मले लय बोललं होतं, ते मनात धरून बसली हाये पोट्टी. मी कवाच इसरली ते. एवढंच सांगाचं हाये, मंग झालं."

एवढंच. पण ते एवढंसं सांगायला आम्ही तिला जागा ठेवली नव्हती. संध्याकाळी माझ्यासमोर तिनं सुरुवात केली, "पोरी, मी गेल्यावर..." आणि लेक रडतच म्हणाली, "आई, असं तोंडातून काढू नको. मावशी, प्रार्थना करा ना." खोलीतल्या सगळ्या बायांनी डोळे मिटले. आवाज चढले. माझाही चढला, खोटं कशाला सांगू? मध्येच मी डोळे उघडून पाहिलं तर मैत्रीण भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मी स्वयंपाकघरात लेकीला गाठलं. म्हटलं, "तिला तुझ्याशी काही बोलायचंय, दार लावून ऐकून घे."

"बरी झाल्यावर बोलू ना मावशी. तुम्हीच असा धीर सोडला तर मी कोणाकडं पाहू?"

तिचे डोळे सुजून लाल झालेले. मग पाळकसाहेबांकडे गेले. भला माणूस, पण नवीन. तेही म्हणाले, "बाई, घरच्यांचा विश्वास डळमळेल असं आपण काही करू नये." माझ्या डोक्यात तिडीक गेली. विश्वास, विश्वास! ती तिकडे तळमळतेय आणि आम्ही तिच्या उशाशी बसून तिचंच तोंड बंद करतोय. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. देवावरही चिडले. मलाच का दिसतंय हे, असं त्याला विचारलं.

तिचं अन्न सुटलं, पाणी चमच्यानं जाऊ लागलं. आवाज पार खोल गेला. आता उशीर झाला तर ती काहीच बोलू शकणार नाही या धास्तीनं माझा जीव कासावीस झाला. माझा तास आला. खोली बायांनी भरलेली, लेक पायथ्याशी. मी तिचा हात धरला आणि मोठ्यानं म्हटलं, "प्रभू, ही थकली. हिला लेकीशी बोलू दे आणि मग शांतीनं तुझ्याकडे ने."

खोलीत कुणीच आमेन म्हटलं नाही. म्हटलं फक्त तिनं. घोगरं, पण स्पष्ट.

लेक उठली. मला वाटलं, आता आईच्या तोंडाशी कान नेईल. तिनं माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "मावशी, उद्यापासून येऊ नका," म्हणाली. दुसरी बाई लगेच माझ्या जागी गुडघे टेकून बसली. साखळी तुटू द्यायची नसते ना.

मी गेले नाही. तिच्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा जाऊन परत आले. ती गेली हे मला दूधवाल्याकडून कळलं. दूधवाल्याकडून, माझी बाई गेली ते!

मातीला मी लांब उभी राहिले. माणसं पांगली तशी लेक माझ्याकडे आली. मला वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार. तिनं विचारलं, "आईले काय बोलाचं होतं?"

मी सगळं सांगितलं. ती भीत नव्हती, हे सांगितलं. लग्नाच्या वेळचं ती कधीच विसरली होती, तेही सांगितलं. ऐकता ऐकता लेक खालीच बसली, तिथेच मातीत. मग तिनं वर पाहिलं.

"मंग मले काऊन नाही सांगितलं तिनं?"

मी तिच्याजवळ बसले. याचं उत्तर मला येत होतं, पण ते त्या पोरीला कोणत्या तोंडानं देऊ?