आमदारांना एकदाच विचारलं

आमदार म्हटला की तो बोलणारा असणार, असं आपण धरूनच चालतो. पण पारनेर तालुक्यातल्या खडकदऱ्याचा रंगनाथ सदतीस साली निवडून आला, बेचाळीसला विसापूरच्या तुरुंगात जाऊन आला, सेहेचाळीसला पुन्हा निवडून आला, आणि सभागृहात त्याच्या तोंडून शब्द म्हणून निघाला नव्हता. मधली काही वर्षं सभागृह बंदच होतं, ती सोडून द्या. पण चालू होतं तेव्हा तरी काय? हात वर करायला सांगितला की करायचा, खाली घ्यायला सांगितला की घ्यायचा. हसू नका. माणूस मुका नव्हता, बिनडोक तर मुळीच नव्हता. झालं होतं ते वेगळंच.

रंगनाथ वाढला चावडीवर. तिथली रीत अशी, की पाटलानं नाव घेऊन "हं, बोल" म्हटल्याखेरीज कुणी तोंड उघडायचं नाही. आणि "बोल" म्हटल्यावरही लगेच सुटायचं नाही. आधी म्हणायचं, "न्हाई न्हाई, असू द्या, तुमी हायेच की." मग पाटील म्हणणार, "आरं बोल की, तुला म्हनून इचारतोय." त्यानंतर घसा खाकरायचा आणि बोलायचं. पंगतीत वाढप्याला पहिल्यांदा "नको" म्हणतात ना, तस्संच. पहिल्या हाकेला जो बोलला तो हावरट. रंगनाथ या रीतीत असा मुरला होता की पंचक्रोशीत त्याचं नाव झालं. लई शहाना मानूस, इचारल्याबिगर बोलत न्हाई! नगरची पुढारी मंडळी शेतकऱ्यांतला उमेदवार शोधत आली, तेव्हा गावानं त्याला पुढं केलं ते याच गुणासाठी.

आणि सभागृहात बघतो तर काय! ज्याला त्याला उठायची घाई. एक बसतोय न बसतोय तोच चौघे उभे, "अध्यक्ष महाराज, अध्यक्ष महाराज." रंगनाथला वाटलं, यांना आधीच सांगून ठेवलं असणार. आपलीही पाळी येईल, आपलंही नाव घेतील. बसला वाट बघत. नाव कोण घेतोय! स्वतः उठावं लागतं हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. नव्या माणसानं विचारलं तर लोक सांगतात, जुन्यानं विचारलं तर हसतात. शरमेनं तो आणखीच गप्प झाला. गावात कुणी "काय बोललात औंदा?" म्हणून विचारलं, की तो "चाललंय" म्हणायचा आणि वहाणा शोधायला लागायचा.

हे असंच निभलंही असतं. पण त्याची थोरली बहीण साळूबाई माळवाडीत दिलेली होती, आणि माळवाडीला पाणी एका बारवेचं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात शिरणार, घागर बुडवणार, तेच पाणी घरी नेऊन पिणार. त्या पाण्यानं वाडीत घरोघर नारू. ज्याला झाला त्याला विचारा! पायातून दोऱ्यासारखा किडा निघतो, तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सुजून भोपळा. साळूबाईचा तुटला होता. तेव्हापासून ती पाय ओढत चालायची. डॉक्टर सांगून गेला, पाण्यात पाय घालू नका. अहो, पण पाय घातल्याबिगर घागर भरायची कशी? पायऱ्या बुजवून, कठडा बांधून वरनं दोरानं शेंदायची विहीर करून मिळाली, तरच यातनं सुटका होती.

सेहेचाळीसच्या निवडणुकीत माळवाडीनं रंगनाथला खंडोबाच्या देवळात उभं केलं. वाडीतला छगन, जिभेला हाड नसलेला, पुढं होऊन म्हणाला, "आमदार, मतं तुमालाच हायेत. पन येक करा. हिरीचं तिथं बोला. मिळंल न मिळंल, ते सरकारचं. तुमी बोला." रंगनाथनं देवापुढचा बेलभंडारा उचलला आणि शपथ घेतली, की मी बोलीन. साळूबाई खांबाला टेकून उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले. बेलभंडारा उचलून खोटं करायचं म्हणजे काय, हे आमच्याकडं लहान पोराला कळतं.

पुढच्या उन्हाळ्यात मुंबईला अंदाजपत्रकाची बैठक लागली. त्यात गावोगावच्या विहिरींच्या पैशावर चर्चा होणार होती. गाडीत शेजारी नगरचे विष्णुपंत वकील होते, तेही आमदार. गृहस्थ बोलघेवडा, पण मनानं चांगला. दौंड सोडल्यावर रंगनाथनं धीर करून त्यांना सगळं सांगून टाकलं. सांगताना मान वर होईना.

विष्णुपंत हसले नाहीत. म्हणाले, "अहो रंगनाथराव, एवढंच ना? मी अध्यक्षांच्या कानावर घालतो. ते स्वतः तुमचं नाव घेतील. मग तर झालं?"

झालंच की! रंगनाथनं मुंबईत खोलीवर भाषणाची घोकंपट्टी केली. आक्काचा पाय, काडीवरचा नारू, घोटाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या बायका, सगळं साध्या शब्दांत आणि पोटातून आलेलं. विष्णुपंतांनी ऐकलं आणि म्हणाले, "वा! हे ऐकून पैसे नाकारील असा माणूस अजून जन्माला यायचाय."

दिवस आला. चर्चा रंगली. अध्यक्षांनी सभागृहावरून नजर फिरवली, ती रंगनाथवर थांबली. स्पष्ट आवाजात त्यांनी विचारलं, "खडकदऱ्याच्या रंगनाथरावांना या बाबतीत काही बोलायचं आहे का?"

नाव घेतलं होतं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं. रंगनाथ अर्धवट उठला, हात जोडले, वडीलधाऱ्यापुढं घालतात तशी मान खाली घातली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "न्हाई न्हाई, असू द्या. तुमी हायेच की."

आणि तो थांबला. आता पुन्हा विचारतील म्हणून थांबला!

"ठीक," अध्यक्ष म्हणाले, आणि उभ्या असलेल्यांतल्या दुसऱ्याला त्यांनी बोलायची खूण केली.

विष्णुपंतांनी कपाळाला हात लावला. "अहो, हे काय केलंत?" रंगनाथ उभाच होता. मागून कुणी तरी म्हणालं, "बसा आता," तेव्हा बसला. चर्चा संपली, पैसे दुसऱ्या तालुक्यांना गेले. त्यानं नेहमीसारखा हात वर केला.

माळवाडीला जायचं त्यानं टाळून पाहिलं, पण वैशाखात छगनच न्यायला आला. वाडी देवळापुढं जमलेली, हातात हार. "हीर मिळाली न्हाई," रंगनाथ आल्याआल्या म्हणाला. कुणाचं तोंडसुद्धा वाकडं झालं नाही. छगन म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. बोललात का?"

साळूबाई समोरच बसली होती. पायाला फडकं बांधलेलं. तिच्याकडं बघून त्याच्या जिभेनं दगा दिला. "बोललो."

"मंग आमालाबी ऐकवा की!"

"न्हाई न्हाई, असू द्या."

"असू द्या कसं? बोलाच!" सगळी वाडी एका आवाजात ओरडली. इथं आग्रह करणारी माणसं होती. मग काय, सुटका कुठली? रंगनाथ ओट्यावर उभा राहिला आणि मुंबईचं भाषण त्यानं तिथं केलं. असं केलं, की बायका हुंदके देऊन रडल्या, म्हातारी माणसं माना डोलवत राहिली. त्यालाच आपल्या आवाजाची किळस येत होती, पण शब्द थांबत नव्हते. संपल्यावर साळूबाईनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. म्हणाली, "बोललास रं रंगा. बास. पाय गेला तरी आता दुःख न्हाई."

घरी गेल्यावर भाऊ उन्हातून आलाय म्हणून ती घागर घेऊन निघाली. तो "नको, आक्का, नको" म्हणत मागं धावला. पण ती ऐकते होय! उन्हाळ्यानं पाणी तळाला गेलेलं. एकेका पायरीवर दुखरा पाय टेकत ती खाली गेली आणि फडक्यासकट पाण्यात शिरली. तो वर काठावर उभा. घरी आल्यावर तिनं पदरातून गाळून तांब्या पुढं केला. एक तांब्या संपला, तर दुसरा ओतायला लागली.

"न्हाई, आक्का, नको."

"घे की. नको काय नको! माज्या घरी आलायस तू." तिनं ओतलंच.

तांब्या हातात धरून रंगनाथ ढसाढसा रडायला लागला. "आक्का, मी बोललो न्हाई गं."

ती थबकली. "म्हंजी?"

"नाव घेऊन इचारलं हुतं त्यांनी. मी न्हाई म्हनलो. वाटलं, परत इचारतील."

साळूबाईनं त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "आन मला भंडारा लावू दिलास," एवढंच ती म्हणाली आणि घागरीवर झाकण ठेवून आत गेली.

वाडीत तिनं अवाक्षर काढलं नाही. छगनला ते भाषण पाठ झालं होतं. येईल त्याला तो ऐकवायचा, आमचा आमदार मुंबईत असं बोलला म्हणून. मध्ये स्वातंत्र्य आलं, चावडीवर झेंडा चढला, तेव्हाही त्यानं ते म्हणून दाखवलं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. रंगनाथ झेंड्यापाशी मान खाली घालून उभा होता. त्या भाषणावर तो पुढंही निवडून येतच राहिला.

झेंडा चढला त्याच वर्षीच्या दिवाळीत तो भाऊबीजेला माळवाडीला गेला. साळूबाईनं रीतीनं ओवाळलं, पाट मांडला, ताट वाढलं. पहिली भाकरी संपली. तिनं टोपलीतली दुसरी उचलून विचारलं, "वाढू?"

"नको नको," रंगनाथ म्हणाला. भूक होती, पण तोंडाला सवयच ती.

साळूबाईनं भाकरी परत टोपलीत ठेवली, वर फडकं टाकलं आणि हात धुवायला त्याच्यापुढं तांब्या ठेवला.