धुतलेला साबण

करंजाच्या तेलाचा उग्र वास आला की माझं डोकं आजही तापतं. एकोणीसशे साठच्या सुमारास, शिरूरला गावकुसाबाहेरच्या मुलांच्या वसतिगृहात उद्योगाच्या तासाला आम्ही त्या तेलाचा साबण करायचो. पोरांनी पुढं स्वतःचा धंदा काढावा, ही आमच्या सरांची हौस. कॉस्टिक सोड्यानं हातांची सालं निघायची. पहिल्यांदाच सरांबरोबर माल घेऊन आठवडे बाजारात बसलो, तारेनं कापलेल्या वड्या पोत्यावर मांडल्या. एका बागायतदाराची बायको थांबली. वडीकडं हात नेत तिनं विचारलं, "कुठली रं पोरं तुमी?" मी वसतिगृहाचं नाव सांगितलं. तिचा हात तिथंच थांबला. गड्याकडून तिनं पाण्याचा तांब्या मागवला आणि आधी आमच्या सगळ्या वड्यांवर पाणी शिंपडलं. अर्धवट वाळलेला साबण बुळबुळीत झाला, वड्या घसरल्या, पांढरं पाणी पोत्यावरून मातीत ओघळलं. "आवं, साबण धुताय व्हय?" मी ओरडलो. सरांनी माझ्याच डोक्यात टपली मारली. "गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. धंदा शिकायचाय न्हवं?" बाई शुद्ध झालेल्या वड्या घेऊन निघून गेली आणि उरलेला माल आम्ही चिखलातून वेचत बसलो. शिकलो मात्र. आज दौंडला माझा साबणाचा कारखाना आहे. सत्कारात कुणी विचारतं, त्या उपक्रमानं तुम्हाला काय दिलं, तेव्हा मी गोड बोलतो. त्या बाईच्या घरीही आता माझाच साबण जात असेल. त्यावर कुणी पाणी शिंपडत नाही, कारण वेष्टनावर मालकाची जात छापलेली नसते.