एक रिंग म्हणजे निघालो

माणूस गेला की गावभर त्याचे किस्से गोळा होतात. दादाची जीप नाल्यात उलटली त्याला वीस दिवस झाले. सेनगावच्या स्टँडवर जो भेटतो तो दादाचा एक किस्सा सांगतो अन् शेवटी तेच विचारतो, "शेवटचा फोन तुला होता म्हणे. काय बोलला?" परवा एकाची कॉलरच धरली मी. पण आईही रोज तेच विचारते. तिच्यापुढे मी दुसराच किस्सा काढतो.

*

आम्ही दोघं भाऊ दोन जीपा चालवायचो. एक सेनगावहून निघायची, एक हिंगोलीहून. एक रिंग देऊन कापली म्हणजे 'जीप भरली, निघालो'. समोरच्याने उलट एक रिंग द्यायची, म्हणजे 'समजलं'. फोन उचलायचा नाही! कॉल महाग होते तेव्हाची ही रीत, जुन्या ड्रायव्हरांनी पाडलेली.

*

सरकारने दर उतरवले, पुढे तर बोलणं जवळजवळ फुकटच झालं. आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर सलीमचाचा. ते खूश! "आता पोटभर बोला रे!"

दादा म्हणाला, "बोलायचं काय, चाचा? जीप भरली, निघालो. त्याला एक रिंग बास हाय."

*

एकदा चाचांनी मुद्दाम त्याचा फोन उचलला. दादा असा भडकला!

"उचलला काहून?"

"अरे, कॉल फुकट झाला न्हाई का?"

"कॉल फुकट झाला, शिस्त न्हाई!"

*

दादा कुरुंद्याला मुलगी पाहून आला. मुलीकडच्यांशी ठरलं होतं, पसंत असेल तर एक रिंग, नसेल तर दोन. याने एक दिली. तेवढ्यात रेंज गेली. तिकडे वाजली की नाही कळेना, म्हणून पठ्ठ्याने पुन्हा दिली! तिकडे सगळं घर तोंड पाडून बसलं. कळल्यावर दादा रिकामी जीप घेऊन कुरुंद्याला पळाला. सासरे दारातच कडाडले, "तोंडानं बोलायला सरकारनं बंदी घातली का?"

वहिनी हा किस्सा सांगताना फार हसायची.

*

त्या दुपारी मी सेनगावला जीप नंबरात लावून उभा होतो. दादाचा फोन आला. एक रिंग झाली, थांबली नाही. दोन. तीन. मी उचलायला गेलो.

चाचा म्हणाले, "उचलू नको, शिव्या खाशील!" मीही हसलो. फोन वाजून वाजून बंद झाला.

मग मी रीतीप्रमाणे उलट एक रिंग दिली.