बसून बांधलेली भिंत

"मॅडम, भिंतीले पोट सुटलं."

सकाळी साडेसातला फोनवर हे ऐकलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. पलीकडे वेणू होती. नागपूरजवळ, कुहीच्या अलीकडे एका खेड्यात ती स्वतःच्या हातांनी मातीची खोली बांधत होती, आणि तिची इंजिनिअर मी होते. भिंतीला पोट सुटणं म्हणजे ओली भिंत मधोमध बाहेर फुगणं. अशी भिंत आपण पाडावी, नाहीतर ती आपली आपण पडते.

"किती फुगली?" मी विचारलं.

"शांताबाई म्हनते, सातवा महिना."

शांताबाई म्हणजे तिची शेजारीण. चिखल तुडवायचं काम तिचं. मला हसू आलं नाही. मी गाडीची किल्ली शोधायला लागले.

आधी हे सांगते, की मी मातीवाली नाही. सरकारी खात्यात माझा जन्म पूल आणि पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेला. सगळं काँक्रीट. माती म्हणजे आमच्याकडे खणून बाजूला टाकायची वस्तू. साइटवर चढउतार करून दोन्ही गुडघे गेले, ते रिटायर झाल्यावर बदलून घेतले. तेव्हापासून जमिनीवर बसायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे. उभी मात्र तासन् तास राहू शकते.

वेणूच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते तिला 'नाही' सांगायला. मला पाठवलं होतं तिच्या भावानं. राजू नागपूरच्या इतवारी बाजारात टेंपो चालवतो. माझं लोखंडी कपाट त्यानं दोन माणसं लावून वरच्या मजल्यावर चढवलं. घाम पुसत म्हणाला, "मॅडम, तुमी इंजिनियर ना? माह्या बहिणीले एक डाव समजावून सांगा. तुमचं ऐकन ते."

हकीकत अशी. वेणू त्याची मोठी बहीण, चाळिशीला आलेली. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. हातांच्या जोरावर सरकत चालते. हातानं फिरवायच्या मशीनवर गावातल्या बायांचे ब्लाउज शिवते. आईबाप नाहीत. राजू पोरांच्या शाळेसाठी बायकोसह नागपूरला यायला निघाला होता. इतवारीमागे दोन खोल्या मिळाल्या होत्या, पण दुसऱ्या मजल्यावर. गावातलं घर पडायला आलेलं आणि त्याला तीन उंच पायऱ्या. तिथं तिला एकटीला ठेवायला तो तयार नव्हता. वेणू म्हणत होती, मी परसात मातीची खोली बांधते अन तिथंच राहते.

मी गेले तेव्हा ती मशीनवर होती. मी राजूचा निरोप सांगितला.

"दुसऱ्या माळ्यावर नेतीन मले, उचलून," ती म्हणाली. "अन खाली कोन आनन? राजू टेंपोवर, पोरं शाळेत. मी काय अलमारी आहो का, एकदा चढवली का झालं?"

माझ्या डोळ्यांपुढे माझं कपाट आलं. तरी मी म्हटलं, "अगं, पण पायांशिवाय घर बांधणार कशी?"

"काहून? भीत काय पायानं बांधतेत?"

आणि तिनं मला अंगणातली चूल दाखवली. तिनंच घातलेली. कडा अशा गुळगुळीत, की माझ्या कुठल्याही कंत्राटदारानं लाजावं. गावातल्या अर्ध्या चुली तिच्याच हातच्या होत्या. 'नाही' म्हणायला गेलेली मी टेप काढून परसाची मापं घेऊन परत आले. घरी नवऱ्यानं विचारलं, "समजावलंस का?" मी म्हटलं, "समजले."

प्लॅन सोपा केला. आधी लाकडी खांब आणि त्यावर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. ते राजूनं सुतार लावून, कुरकुरत का होईना, उभं करून दिलं. छपराचा भार खांबांवर गेला, की भिंतीला नुसतं स्वतःला सांभाळायचं असतं. आमच्याकडची काळी माती घरासाठी कुचकामी. पावसात फुगते, उन्हात फाटते. म्हणून तलावाकाठची पिवळी माती, थोडा मुरूम आणि धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा. तणस कापून चिखलात तुडवलं की भिंतीला तडे कमी जातात. एका वेळी फूटभर थर चढवायचा, तो दोन-तीन दिवस सुकला की पुढचा. घाई चालत नाही. म्हणजे सावकाश काम करणाऱ्या माणसाचं या मातीत काही अडत नाही. पायरी नाही, उंबरठा जमिनीलगत, बाहेर उतार आणि पाण्याला नाली. खिडकी मी सवयीनं तीन फुटांवर काढली होती. वेणूनं ड्रॉइंग पाहिलं आणि म्हणाली, "इथून मले फक्त आभाळ दिसन." खिडकी दीड फुटावर आली.

चिखल बरोबर झाला की नाही, हे पाहायची एक साधी टेस्ट आहे. मी ती फोनवर शिकवली. "मुठीएवढा गोळा कर. खांद्याच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोड. फुटला तर कोरडा, पसरला तर पातळ. थोडासा दबून राहिला तर बरोबर."

आठ दिवस सगळं ठीक चाललं होतं. आणि मग हे पोट.

पोहोचले तेव्हा भिंत अडीच फुटांवर होती आणि शांताबाईचा हिशोब बरोबर होता. मी लगेच साहेबीवर उतरले. माती कुठून आणली? तणस कमी घातलं का? एका दिवसात दोन थर चढवलेत का? दोघी नाही नाही म्हणत होत्या, आणि मला त्याचा आणखी राग येत होता. उरलेल्या चिखलातून मी गोळा केला आणि सोडला. थालीपीठ झालं.

"हे बघ! इतका पातळ? टेस्ट केली नाहीस ना?"

वेणूचा चेहरा पडला. "रोज केली, मॅडम. तुमी सांगतली तशीच."

"दाखव बरं."

तिनं गोळा वळला. बसल्या जागी हात खांद्यापर्यंत नेला आणि सोडला. गोळा दोन फुटांवरून पडला आणि लाडवासारखा बसून राहिला. ना फुटला, ना पसरला.

मग शांताबाई फिसकन हसली. वेणू म्हणाली, "खांदा कोनाचा, ते कुठं सांगतलं होतं तुमी?"

मला लाज वाटली. तिचा दरवाजा मोजला होता, खिडकी खाली आणली होती, आणि टेस्ट मात्र माझ्या उंचीची देऊन बसले होते. वर आवाजही चढवला होता.

नेमका तेव्हाच राजूचा टेंपो आला. त्यानं भिंत पाहिली. "मी म्हनत नव्हतो, ताई? पंधरा दिवसांनी मी शेवटलं सामान नेतो. त्यात तूबी येशीन."

"राजू, चूक माझी आहे," मी म्हटलं. "तिची नाही."

"असन, मॅडम. पन भीत पडली त तिच्यावरच पडन ना?"

त्याचं खोटं नव्हतं. वेणू मान खाली घालून नखांतली माती काढत राहिली. तो गेल्यावर म्हणाली, "आता काय, मॅडम? पाडाची?"

काँक्रीट चुकलं तर फोडून फेकावं लागतं. माती चुकली तर भिजवायची आणि परत घ्यायची. हे मला पुस्तकातून माहीत होतं, त्या दिवशी हाताला कळलं. फुगलेला भाग विळ्यानं कापला. शांताबाईनं तो जास्त तणस घालून पुन्हा तुडवला. आणि टेस्ट बदलली. ती वेणूनं काढली. तिच्या घरी पूर्वी हातमाग होता. सुताला लावायची खळ दाट झाली की पातळ राहिली, हे ती लहानपणी आईला बोटांनी चाचपून सांगायची. तिनं चिखलाची बोटाएवढी जाड, लांब वळी केली आणि पाटाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवली. चार बोटं बाहेर आल्यावर तुटली तर बरोबर. शेवईसारखी लोंबली तर पातळ. कडेलाच तुटली तर कोरडा. मी दहा वेळा माझ्या गोळ्याशी ताडून पाहिलं. दहाही वेळा जुळलं. आणि या टेस्टला खांदा लागतच नव्हता.

आतल्या बाजूनं आम्ही भिंतीलगत दीड फुटाचा मातीचा ओटा घातला. वेणू त्यावर बसून सरकत सरकत वरचे थर चढवत गेली. पुढे तोच तिचा पलंग होणार होता. पण शेवटचे दोन फूट तिच्या हाताला येईनात. दिवस उरले होते चार.

"मी लावते," मी म्हटलं.

"तुमी?"

"डॉक्टरांनी बसायला मना केलंय, उभं राहायला नाही."

मग ती ओट्यावर बसून गोळे वळायची आणि वर द्यायची. मी ते भिंतीवर दाबून बसवायची. माझे गोळे वाकडे बसले की खालून हुकूम यायचा, "डावीकडं घ्या, डावीकडं." एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं, आणि मला ते फार आवडलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुमाले बसता येत नाही, मले उभं राहता येत नाही. दोघी मिळून एक मिस्त्री झालो, मॅडम."

पंधराव्या दिवशी राजू आला. सामान भरलं. वेणूची मशीनही त्यानं न विचारता टेंपोत चढवली. मग खोलीत शिरला. भिंतीवर तळहात दाबून पाहिला. समाधान झालं नाही, तेव्हा खांदा लावून जोरात रेटलं. भिंत हलली नाही. वेणू सरकत दारातून बाहेर आली, उतारावरून अंगणात गेली, हापशीवरून तांब्याभर पाणी घेऊन परत आत आली. कुणीही तिला हात लावला नाही. राजू पाहत राहिला.

मग तो टेंपोकडे गेला, मशीन उतरवली आणि खिडकीजवळ नेऊन ठेवली. "दसऱ्याले येतो, ताई," म्हणाला.

"ये. पन न्यायले नको येऊ, जेवाले ये."

पाऊस आला आणि गेला. पश्चिमेच्या भिंतीचा बोटभर थर वाहून गेला. वेणूनं तो उघाड पडल्यावर बसल्या बसल्या लिंपून टाकला. मला फोन केला तो सगळं झाल्यावर, तेही ब्लाउजचं माप विचारायला.

अजूनही लोक अधूनमधून मला ड्रॉइंग दाखवायला आणतात. मी लोखंड पाहते, पाया पाहते. आणि कुठं 'खांद्याएवढं', 'कमरेएवढं', 'हाताशी येईल असं' लिहिलेलं दिसलं, की पेन्सिलनं गोल करून शेजारी लिहिते: कुणाच्या?